धूळपेरणी, पिवळे पट्टे आणि पाकिटावरचा आळ

शेत पिवळं पडलं होतं, पण सगळं नाही आणि कसंही नाही. बांधावर उभं राहिलं की हिरवे-पिवळे पट्टे सरळ रेषेत दिसत होते. रोग असा सरळ चालत नाही. जमिनीचा कसही सूत धरून बदलत नाही. कडा इतक्या सरळ असल्या की त्यामागे यंत्राचा किंवा माणसाचा हात असतो, हे पहिल्याच नजरेत लक्षात यायला हवं होतं. माझ्या आलं नाही. बियाण्याला लावून आलेल्या गुलाबी बुरशीनाशकावर माझा संशय आधीच बसला होता, आणि संशय बसला की डोळे तेवढंच बघतात.

शेतकऱ्याचा संशय वेगळ्या ठिकाणी होता. "सर, कल्चर मेलेलं दिलं मला. पाकिटात नुसती माती होती." कल्चर म्हणजे पाकिटातून मिळणारे जिवंत जिवाणू; ते बियाला लावून पेरतात, मग ते मुळांवर गाठी करून पिकाला हवेतलं नत्र मिळवून देतात. शेतकऱ्याचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याला उत्तरही तयार असतं. पण कधी कधी ते खरंही निघतं, म्हणून उत्तर गिळलं आणि खोरं मागितलं.

पीक सोयाबीन, क्षेत्र दोन हेक्टर, आणि या जमिनीत सोयाबीन पहिल्यांदाच. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा मुख्य जिवाणू ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम. ज्या जमिनीत सोयाबीन कधी झालंच नाही, तिथे तो सहसा नसतो. दुसऱ्या शेंगवर्गीय पिकांवर गाठी करणारे त्याचे भाऊबंद असतील, पण ते सोयाबीनला फारसे उपयोगी पडत नाहीत. म्हणजे इथल्या झाडांना गाठी यायच्या तर त्या बियाला लावलेल्या जिवाणूंपासूनच. जुन्या सोयाबीनच्या शेतात असं प्रकरण घडलं असतं तर ते कुणाला कळलंही नसतं. मातीतल्या जिवाणूंनी सगळं झाकून नेलं असतं.

घटनाक्रम मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला. पहिल्यांदा सांगताना माणूस काय करायला हवं होतं ते सांगतो. दुसऱ्यांदा विचारलं की काय केलं ते बाहेर येतं.

पहिल्या दिवशी सकाळी सातला बीजप्रक्रिया. बियाणं बुरशीनाशक लावूनच आलेलं. ताडपत्रीवर ढीग, त्यावर गुळाच्या द्रावणात कालवलेलं कल्चर, हलक्या हाताने चोळून. दहा किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट, लिहिल्याप्रमाणे. इथवर काही चूक नाही. सगळं बियाणं एकदमच भिजवलं. ओलं बी पेरणी यंत्रात अडकतं, म्हणून ताडपत्री झाडाखालून ओढून उन्हात आणली. हे दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. तासाभरात बी खडखडीत वाळलं. नऊला पेरणी सुरू.

जमीन कोरडी होती. पाऊस येईल या हिशेबाने केलेली ही धूळपेरणी. बी चार ते पाच सेंटिमीटर खोल. दुपारी यंत्राची साखळी तुटली. कल्चर लावलेलं उरलेलं बी पोत्यांत भरून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्ती झाली आणि राहिलेलं शेत पेरलं. शेवटी बी कमी पडलं. घरात त्याच वाणाचं एक पोतं होतं, बुरशीनाशक लावलेलं पण कल्चर न लावलेलं; त्यावर शेवटच्या चार फेऱ्या झाल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हलका शिडकावा. मग कडक उघडीप. दमदार पाऊस आला तो सोळाव्या दिवशी. बाविसाव्या दिवसापर्यंत उगवण झाली, अधूनमधून नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या रिकाम्या जागा. मला फोन आला तेव्हा पीक उगवून पाच आठवडे झाले होते.

आता शेताची रचना. वरचा भाग हलका, मुरमाड. खालचा भारी, चिकण. आणि यंत्राच्या फेऱ्या वरून खाली, उताराच्या दिशेने मारलेल्या. पेरणी उताराला आडवी करायची असते, माती वाहून जाऊ नये म्हणून. ही त्याची चूकच, आणि मी तसं बोललोही. पण माझं काम या चुकीने सोपं केलं. प्रत्येक फेरी हलक्या मातीतून सुरू होऊन भारी मातीत संपत होती. पहिल्या दिवसाच्या फेऱ्या, दुसऱ्या दिवसाच्या फेऱ्या आणि बिनकल्चरच्या चार फेऱ्या: तीन प्रकारचं बी, दोन प्रकारची माती, पाऊस सगळ्यांना एकच. मुद्दाम प्रयोग आखायचा म्हटलं असतं तरी याहून वेगळा आखला नसता.

झाडं उपटून गाठी मोजता येत नाहीत. उपटलं की गाठी मातीत राहतात आणि मूळ स्वच्छ दिसतं. कित्येक शेतं याच कारणाने "गाठीच नाहीत" म्हणून बदनाम झाली आहेत. खोऱ्याने वीतभर खोल ढेकूळ काढायचं, बादलीत भिजवायचं, माती आपोआप सुटू द्यायची. सहा भाग, प्रत्येक भागातून दहा झाडं. बादलीतलं पाणी चार वेळा बदललं.

भारी मातीत पहिल्या दिवशी पेरलेल्या दहाही झाडांना गाठी होत्या, सहापासून पंधरापर्यंत. बहुतेक सोटमुळाच्या वरच्या दोन बोटांत, खोडाला बिलगून. नखाने फोडली की आत लालभडक. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याचंच हे भावंड. गाठीतला ऑक्सिजन ते मोजूनमापून पुरवतं, कारण नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती असून नसल्यासारखी. इथे तसं नव्हतं. गाठी कामाच्या होत्या.

हलक्या मातीत पहिल्या दिवसाच्या दहांपैकी चार झाडांना गाठी, एक किंवा दोन. भारी मातीत दुसऱ्या दिवसाच्या दहांपैकी तिघांना. हलक्या मातीत दुसऱ्या दिवसाच्या नऊ झाडांवर काहीच नाही, दहाव्याच्या बाजूच्या मुळावर एकुलती एक. बिनकल्चरच्या वीस झाडांवर शून्य.

ते शून्य बघून मला बरं वाटलं, म्हणजे कामापुरतं. जमिनीत सोयाबीनचा जिवाणू नाही यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे भारी भागातल्या त्या लाल गाठी पाकिटातूनच आल्या होत्या. पाकीट मेलेलं असतं तर तिथेही शून्य असतं. गाठी खोडाजवळ होत्या, हीसुद्धा त्याच बाजूची साक्ष. बियावर बसलेला जिवाणू पहिल्या मुळाला चिकटतो, म्हणून त्याच्या गाठी वर येतात. मातीत विखुरलेले जिवाणू खाली आणि बाजूच्या मुळांवर गाठी करतात.

माझ्या संशयाचंही तिथेच विसर्जन झालं. बुरशीनाशक सगळ्या बियाला सारखंच होतं. काही बुरशीनाशकं जिवाणूंना मारतात हे खरं, म्हणूनच कल्चर सगळ्यात शेवटी लावायचं असतं. इथे त्याने सुरुवातीची संख्या थोडी घटवली असेल. पण जी गोष्ट सगळीकडे सारखी, ती पट्टे पाडू शकत नाही.

तरी पाकिटाचा निकाल कागदावर लागायला हवा होता. त्याच लॉटची दोन न फोडलेली पाकिटं घरात थंड जागी ठेवलेली होती. त्यातला नमुना पाण्यात विरळ करून यीस्ट मॅनिटॉल आगर या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर, काँगो रेड हा रंग घालून, बशा लावल्या. राहिलेलं कल्चर निर्जंतुक वाळूत लावलेल्या सोयाबीनला दिलं. ब्रॅडीरायझोबियम हा आळशी प्राणी. त्याच्या वसाहती डोळ्यांना दिसायला आठवडा जातो, आणि तोवर शेतकऱ्याचे तीन फोन. वसाहती आल्या, पाकिटावरच्या दाव्याला शोभतील इतक्या. कुंडीतल्या झाडांनाही गाठी आल्या.

मग मी ती सकाळ पुन्हा घडवून आणली. तसंच बी, तसंच द्रावण, तशीच ताडपत्री. लावल्याबरोबर काही बिया उचलल्या, तासभर सावलीत वाळवलेल्या काही, तासभर उन्हातल्या काही, आणि एक दिवस पत्र्याखाली पोत्यात राहिलेल्या काही. प्रत्येक वेळी बिया धुऊन त्या पाण्याचा अंदाज बशांवर आणि लहान रोपांवर. आकड्यांचा मी फार अभिमान बाळगत नाही, एकाच वेळी केलेली चाचणी आहे. पण उतरंड स्पष्ट होती. सावलीतल्या बियांवर जिवाणू बऱ्यापैकी टिकले. उन्हातल्या बियांवर सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेले. पोत्यातल्या बियांवर मोजायला जेमतेम उरले.

"म्हणजे मातीत जायच्या आधीच मेले?" शेतकऱ्याने विचारलं.

बरेचसे, हो. आणि हीच गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. बी पंधरा दिवस कोरड्या मातीत पडून राहिलं, हे सगळ्यांना दिसतं. ताडपत्रीवरचा एक तास कुणाच्या हिशेबात नसतो. जिवाणूंना कोरडं असणं जितकं मारत नाही, तितकं कोरडं होणं मारतं.

याची कारणं जिवाणूच्या घडणीत आहेत. रायझोबियम कुळातले जिवाणू बीजाणू करत नाहीत. काही जिवाणू वाईट दिवस आले की जाड कवचाचा बीजाणू करून वर्षानुवर्षं पडून राहतात. यांच्याकडे ती सोय नाही. जसे आहेत तसेच वाळतात. पेशीभोवतीचं पटल मेदरेणूंच्या दोन थरांचं असतं आणि त्या रेणूंना एकमेकांपासून नीट अंतरावर ठेवण्याचं काम पाणी करतं. पाणी गेलं की रेणू दाटीवाटीने एकमेकांना भिडतात, पटल ताठर होतं. आणि पुन्हा एकदम पाणी मिळालं की ते ताठर पटल ठिकठिकाणी गळतं, पेशीतला ऐवज बाहेर येतो. म्हणजे घाव दोनदा: वाळताना आणि भिजताना. वाळणं जितकं झपाट्याचं, तितकी पेशीला सावरायला सवड कमी. सवड मिळाली तर ती ट्रेहॅलोजसारख्या साखरा साठवते. या साखरा पाण्याच्या जागी बसून मेदरेणूंना अंतरावर धरतात. बाहेरून दिलेली साखरही थोडंफार हेच करते. गुळाचं द्रावण म्हणजे निव्वळ डिंक नव्हे.

व्हिन्सेंट, थॉम्प्सन आणि डोनोव्हन या संशोधकांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं की वाळताना हे जिवाणू आधी झपाट्याने मरतात आणि मग मरण्याचा वेग मंदावतो, आणि माल्टोजसारखी साखर सोबत असेल तर जास्त वाचतात. १९७९ मध्ये पेन्या-काब्रियालेस आणि अलेक्झांडर यांनी वाळत्या मातीतही हेच पाहिलं: माती ओल सोडत असताना संख्या कोसळते, माती एकदा कोरडी झाली की पुढची घट हळूहळू होते. धूळपेरणीला दोष देण्याआधी हे दोन टप्पे वेगळे करून बघायला हवेत. वाळून बसलेला जिवाणू कोरड्या, फार न तापणाऱ्या मातीत दोन आठवडे काढू शकतो. भारी मातीतल्या त्या दहा झाडांनी तेच दाखवलं. पंधरा दिवस कोरड्यात काढूनही त्यांना लाल गाठी होत्या.

मग हलक्या मातीत काय बिनसलं? तेच बी, तोच दिवस, तीच खोली, फक्त दहापैकी चार.

माझ्यासमोर एक तयार उत्तर होतं आणि ते फार मोहक होतं. मार्शल यांनी १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वालुकामय जमिनींच्या संदर्भात दाखवलं की कोरड्या, तापलेल्या रेतीत मरणारे गाठींचे जिवाणू मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती मिसळल्यावर तगतात. चिकणमातीचे सूक्ष्म कण पेशीभोवती लेप करतात. हे वाचलं की भारी जमीन जिंकली, हलकी हरली, असं प्रकरण मिटवून टाकावंसं वाटतं. पण हे संरक्षण दिसलं ते मुख्यतः झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारांत, क्लोव्हर या चारापिकावरच्या जिवाणूसारख्या. सोयाबीनचा जिवाणू मंद वाढणारा. मंद वाढणारे मुळातच कोरडेपणाला जास्त चिवट, आणि चिकणमातीच्या लेपाचा त्यांना तसा फायदा दिसलेला नाही. म्हणून ते उत्तर मी बाजूला ठेवलं, नाइलाजाने.

खरा धागा नांग्यांत सापडला. हलक्या भागात जिथे झाड उगवलं नव्हतं तिथे माती उकरली. पाच ठिकाणी बी मिळालं: फुगलेलं, साल फाटलेली, एक सेंटिमीटरचा मोड येऊन काळा पडलेला आणि वाळलेला. म्हणजे चौथ्या दिवसाचा तो शिडकावा इथे बियापर्यंत पोचला होता. हलक्या मातीत पाणी धरून ठेवायची ताकद कमी, त्यामुळे तेवढाच पाऊस जास्त खोल जातो. भारी मातीत तोच पाऊस वरच्या बोटभर थरात अडकला. खालच्या बियाला त्याची खबरही लागली नाही. तिथल्या नांग्यांत मला मोड आलेलं वाळकं बी मिळालं नाही.

हलक्या मातीतलं बी भिजलं, जागं झालं. त्याच्या सालीवरचे जिवाणूही भिजले. मग दोन दिवसांत उघडीपीने सगळं पुन्हा वाळलं. ज्या बियांचा मोड बाहेर आला होता त्या मेल्या; ज्या नुसत्या ओलसर होऊन थांबल्या त्या वाळल्या आणि पुढच्या पावसात उगवल्या. बी हे करू शकतं. जिवाणूंना मात्र तो झपाट्याने मरण्याचा टप्पा दुसऱ्यांदा सोसावा लागला. पहिला ताडपत्रीवर, दुसरा मातीत. शिवाय हलकी माती जास्त तापते, त्याचाही हात असणार. तापमान आणि ओलं-सुकं यांतला वाटा मला या शेतातून वेगळा काढता येत नाही. पण शिडकाव्याचा पुरावा मी हातात धरलेला आहे, उन्हाचा नाही.

धूळपेरणीत अर्धवट पाऊस हा पाऊस न येण्यापेक्षा वाईट, हे बियाच्या बाबतीत सगळ्यांना माहीत आहे. जिवाणूंच्या बाबतीतही तेच आहे.

थोडा हिशेब मांडतो, कारण "पाकीट लावलं होतं" या शब्दांत नेमकं किती लावलं होतं हे लपून राहतं. समजा पाकिटात दर ग्रॅमला १० कोटी जिवंत पेशी आहेत. दहा किलोला २५० ग्रॅम म्हणजे एका किलोला २५ ग्रॅम, म्हणजे २५० कोटी पेशी. शंभर दाण्यांचं वजन साडेबारा ग्रॅम धरलं तर किलोत आठ हजार दाणे. एका दाण्याच्या वाट्याला सुमारे तीन लाख. सोयाबीनसारख्या मोठ्या बियाला पेरताना दाण्यामागे निदान एक लाख जिवंत पेशी असाव्यात, असा दंडक बऱ्याच ठिकाणी वापरला जातो. म्हणजे सगळं नीट झालं, एकही पेशी ताडपत्रीला किंवा हाताला लागून वाया गेली नाही, तरी आपल्याकडे तिप्पटच शिल्लक. उन्हातल्या एका तासात दहातले नऊ गेले की तीस हजार. हलक्या मातीतल्या दुसऱ्या वाळण्यात पुन्हा दहातले नऊ गेले असं धरलं की तीन हजार. एक दिवस पत्र्याखाली काढलेल्या बियाचा हिशेब मी करत नाही, वाईट वाटतं.

तीन हजार म्हणजे तरी पुष्कळ, असं कुणीही म्हणेल. एका गाठीला सुरुवातीला एखादी पेशीही पुरते. पण ती पेशी नेमक्या जागी, नेमक्या वेळी हवी. मुळाच्या टोकामागे, जिथे मूळकेस नुकते फुटत असतात, तेवढाच पट्टा जिवाणूला आत घेतो, आणि मूळ वाढत पुढे गेलं की काही तासांत ती जागा निबर होते. कोरड्या मातीत जिवाणू चालत जाऊ शकत नाही. पाण्याबरोबर वाहून गेला तरच पुढे सरकतो. त्यात सोयाबीनची एक खोड आहे. त्याची दलं, म्हणजे दाण्याच्या दोन फाकी, जमिनीच्या वर येतात. उगवणीनंतर लगेच शेतात वाकून बघा: कित्येक रोपांच्या दलांना सालीची टोपी अडकलेली असते. तुम्ही जपून लावलेले जिवाणू त्या टोपीवर बसून उन्हात वर आलेले असतात, आणि मूळ खाली एकटं. तीन लाखांतून हे नुकसान परवडतं, तीन हजारांतून नाही.

त्या हंगामात काय करता येण्यासारखं होतं? फारसं नाही. पीक फुलोऱ्याच्या तोंडावर होतं. पाण्यात कालवून पिकाच्या ओळींत कल्चर ओतायचं शेतकऱ्याच्या मनात होतं. मी एका कोपऱ्यात तेवढं करू दिलं, त्याच्या समाधानासाठी आणि माझ्या कुतूहलासाठी. तिथे नंतर बाजूच्या मुळांवर थोड्या गाठी आल्या, पिकाचा रंग मात्र फारसा पालटला नाही. पिवळ्या पट्ट्यांना नत्र देणं हाच मार्ग उरला. त्याचीही मर्यादा सांगावी लागली. सोयाबीनचं एक टन धान्य तयार व्हायला झाड साधारण ८० किलो नत्र उचलतं. दोन टन धरले तर १६० किलो. एवढं सगळं युरियातून द्यायचं, तर युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे हेक्टरी साडेतीनशे किलोच्या आसपास. एवढं कुणी देत नाही आणि देऊही नये. मातीतून काही मिळतं, उरलेल्या तुटीचा एक भाग दोन हप्त्यांत भरला. पट्टे हिरवे झाले. पण कापणीच्या वेळी भारी भागातल्या पहिल्या दिवसाच्या ओळींत आणि इतर ओळींत शेंगांचा फरक शेजारी उभा राहिलेल्या कुणालाही दिसत होता.

पाकीट विकणाऱ्याशी त्याने भांडण काढलं नाही, हे बरं झालं. पण पाकिटावरच्या सूचनांबद्दल माझी तक्रार आहे. "सावलीत सुकवून लगेच पेरणी करा" असं बारीक अक्षरात असतं. "लगेच" म्हणजे किती? आणि ज्याला यंत्रातून पेरायचंय त्याने ओल्या बियाचं काय करायचं? उन्हात नेण्यामागे त्याचं कारण खरं होतं, आणि त्यावर पर्याय कुणी दिला नव्हता.

पुढच्या वर्षासाठी आम्ही बसून ठरवलं. धूळपेरणी सोडायची नाही, कारण पाऊस पडल्यावर भारी भागात यंत्र दहा दिवस घालता येत नाही. ही त्याची अडचण मला बांधावरून दिसली नव्हती. बदल असे केले. कल्चर एका वेळी दोन तासांत पेरून संपेल एवढ्याच बियाला, झाडाखाली. द्रावणात पाणी कमी, म्हणजे बी ओलंचिंब होतच नाही आणि उन्हाची गरज पडत नाही. हलक्या भागासाठी पाकिटं दुप्पट. साखळी तुटली तर उरलेलं बी दुसऱ्या दिवशी नव्याने कल्चर लावूनच पेरायचं. बियाला न लावता दाणेदार कल्चर पेरणीच्या ओळीत बियाच्या खाली सोडायची पद्धतही आहे, आणि कोरड्या पेरणीसाठी ती मला जास्त पटते: जिवाणू सालीबरोबर वर येत नाही, बुरशीनाशकाला चिकटून राहत नाही, खोलवर थोडा गार राहतो. पण त्यासाठी यंत्राला वेगळी पेटी लागते. ती त्याच्याकडे नव्हती.

आणि एक अट माझी: एक फेरी बिनकल्चरची सोडायची, वरून खालपर्यंत. तिला तो "सरांची फेरी" म्हणतो.

पुढच्या वर्षी पाऊस पेरणीनंतर तिसऱ्याच दिवशी आला, चांगला मुरवणीचा. सगळ्या शेताला गाठी आल्या, हलक्या भागातही. दुप्पट पाकिटांमुळे आल्या असं तो सांगतो. पावसामुळे आल्या असं मला वाटतं. सरांच्या फेरीत भारी भागातल्या बऱ्याच झाडांना बाजूच्या मुळांवर गाठी निघाल्या, कारण आदल्या वर्षीच्या गाठी फुटून जिवाणू मातीत उतरले होते. हलक्या भागात त्याच फेरीत दहापैकी दोन. तिसऱ्या वर्षीही त्याने फेरी सोडली आहे. या वेळी कल्चर सावलीतच लावलं, पेरून बारा दिवस झालेत, शिडकावा झालेला नाही, मोठा पाऊसही नाही. खोरं मी गाडीत टाकून ठेवलंय.